समभुज चौकोनाचे क्षेत्रफळ : चार भुजा पुरेशा का नाहीत?

एका शेताला चार बांध आहेत आणि प्रत्येक बांधाची लांबी २५ मीटर आहे. त्या शेताचे क्षेत्रफळ किती, असा प्रश्न वर्गात विचारला, तर बहुतेक विद्यार्थी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर देतील : २५ गुणिले २५, म्हणजे ६२५ चौरस मीटर. हे उत्तर बरोबर असू शकेल. परंतु ते बरोबरच आहे, असे कोणालाही खात्रीने म्हणता येणार नाही. चारही बांधांची लांबी तीच असूनही ते शेत ६०० चौरस मीटरांचे असू शकते, ३३६ चौरस मीटरांचे असू शकते, किंवा त्याहूनही पुष्कळ लहान असू शकते. कुंपणाला लागणारी तार प्रत्येक वेळी १०० मीटरच लागेल; पेरणीला मिळणारी जमीन मात्र निरनिराळी असेल.

हा प्रश्न केवळ परीक्षेपुरता नाही. जमिनीची खरेदी-विक्री, तिच्यावरील साऱ्याची आकारणी, भावाभावांतील वाटणी या सर्व व्यवहारांचा आधार क्षेत्रफळ हाच असतो. ३३६ चौरस मीटरांच्या शेताचे क्षेत्रफळ जर ६२५ चौरस मीटर असे लिहिले गेले, तर ते विकत घेणाऱ्याला प्रत्यक्ष मिळणाऱ्या जमिनीच्या पावणेदोन पटींहून अधिक जमिनीचे मोल द्यावे लागेल. म्हणून अशा आकृतीत काय मोजले असता क्षेत्रफळ निश्चित होते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

चौकट वाकविली असता

ज्या चौकोनाच्या चारही भुजा सारख्या लांबीच्या असतात, त्यास समभुज चौकोन म्हणतात. चौरस हा समभुज चौकोनाचाच एक विशेष प्रकार होय. त्याचे चारही कोन काटकोन असतात, एवढेच त्याचे वैशिष्ट्य. समभुज चौकोनाचे गुणधर्म जाणून घेण्यासाठी एक साधा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येण्याजोगा आहे.

जाड पुठ्ठ्याच्या चार सारख्या पट्ट्या घ्याव्यात. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांशी छिद्रे पाडावीत व दोन छिद्रांमधील अंतर बरोबर २५ सेंटिमीटर ठेवावे. मग टोकांच्या छिद्रांत टाचण्या घालून चारही पट्ट्यांची एक चौकट अशा रीतीने जोडावी, की तिचे सांधे सहज फिरू शकतील. समोरासमोरचे कोपरे जोडणाऱ्या दोन रेषा म्हणजे त्या चौकटीचे कर्ण होत. ते मोजण्यासाठी फूटपट्टी किंवा दोरा वापरावा.

प्रथम चौकट चौरस आकाराची धरली असता दोन्ही कर्ण सारखेच, म्हणजे सुमारे ३५.४ सेंटिमीटर, भरतील. आता दोन समोरासमोरचे कोपरे हलकेच जवळ आणावेत. एक कर्ण आखूड होत जाईल व दुसरा वाढत जाईल. आखूड कर्ण ३० सेंटिमीटर झाला म्हणजे लांब कर्ण ४० सेंटिमीटर होईल. आखूड कर्ण १४ सेंटिमीटरांवर आणला म्हणजे लांब कर्ण ४८ सेंटिमीटर होईल. शेवटी पट्ट्या एकमेकींवर जवळजवळ आडव्या पडतील, लांब कर्ण ५० सेंटिमीटरांजवळ पोहोचेल आणि चौकटीच्या आत जागाच उरणार नाही. या साऱ्या हालचालीत पट्ट्यांची लांबी मात्र तीळभरही बदललेली नसते.

तीन पट्ट्यांचा त्रिकोण केला, तर तो अशा रीतीने वाकविता येत नाही. तीन भुजा ठरल्या की त्रिकोण ठरतो. चार भुजा ठरल्या तरी चौकोन ठरत नाही. हे सुताराला चांगले ठाऊक असते. फळ्यांचे दार तयार करताना तो मागील बाजूस एक तिरपी पट्टी ठोकतो. त्या पट्टीमुळे चौकटीचे दोन त्रिकोण होतात व दार एका अंगाला लचकत नाही. याच्या उलट, जेथे आकार बदलणे हेच इष्ट असते, तेथे चौकटीच्या या लवचीकपणाचा उपयोग करून घेतात. मोटारीचे चाक बदलताना वापरला जाणारा चार भुजांचा जॅक हा एक समभुज चौकोनच असतो. त्याचा स्क्रू फिरविला म्हणजे आडवा कर्ण आखूड होतो, उभा कर्ण वाढतो आणि गाडी उचलली जाते. दुकानांचे व जिन्यांचे बाजूला सरकणारे जाळीदार लोखंडी दरवाजेही अशाच अनेक चौकोनांचे बनलेले असतात.

कर्णांपासून क्षेत्रफळ

समभुज चौकोनाच्या कर्णांचे दोन गुणधर्म फार उपयुक्त आहेत. ते एकमेकांना मधोमध छेदतात, आणि त्यांच्यामध्ये काटकोन असतो. त्यामुळे दोन्ही कर्ण काढले असता चौकोनाचे चार अगदी सारखे काटकोन त्रिकोण होतात.

कागदाचा एक समभुज चौकोन कापून घ्यावा. त्याची प्रत्येक भुजा २५ सेंटिमीटर व कर्ण ३० आणि ४० सेंटिमीटर असावेत. तो लांब कर्णावर कापला म्हणजे दोन त्रिकोण मिळतात; प्रत्येकाचा पाया ४० सेंटिमीटर व उंची १५ सेंटिमीटर असते. त्यांपैकी एक त्रिकोण आखूड कर्णाच्या रेषेवर पुन्हा कापून त्याचे दोन तुकडे करावेत, आणि ते अखंड राहिलेल्या त्रिकोणाच्या दोन तिरप्या बाजूंना जुळवून ठेवावेत. ४० सेंटिमीटर लांब व १५ सेंटिमीटर रुंद असा एक आयत तयार होईल. कागद वाढलाही नाही आणि कमीही झाला नाही. म्हणून चौकोनाचे क्षेत्रफळ या आयताएवढेच, म्हणजे ६०० चौरस सेंटिमीटर होय.

आयताची लांबी हा एक पूर्ण कर्ण आहे व रुंदी हा दुसऱ्या कर्णाचा अर्धा भाग आहे. यावरून नियम असा मिळतो : समभुज चौकोनाचे क्षेत्रफळ त्याच्या दोन कर्णांच्या गुणाकाराच्या निम्मे असते. ३० गुणिले ४० म्हणजे १२००, आणि त्याचे निम्मे ६००. दुसऱ्या आकृतीत १४ गुणिले ४८ म्हणजे ६७२, आणि त्याचे निम्मे ३३६. निम्मे करावयाचे विसरणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक आहे. कागदाचा आयत एकदा स्वतःच्या हाताने जुळविला, म्हणजे ते निम्मे कोठून आले हे सहसा विसरले जात नाही.

दुसरी रीत पायाची व उंचीची. कोणतीही एक भुजा पाया मानावी आणि समोरची भुजा तिच्यापासून काटकोनात किती अंतरावर आहे ते मोजावे. पहिल्या आकृतीत हे अंतर २४ सेंटिमीटर भरते. २५ गुणिले २४ बरोबर ६००. दुसऱ्या आकृतीत ते केवळ १३.४४ सेंटिमीटर असते. तिरपी भुजा २५ सेंटिमीटरांची असली, तरी ती उंची नव्हे. शेताचे उत्तर ६२५ देणारा विद्यार्थी नेमकी हीच गल्लत करीत असतो.

येथे एक सोय लक्षात घेण्याजोगी आहे. भुजा ठाऊक असेल, तर दोन्ही कर्ण मोजण्याची गरज नाही. दोन्ही कर्णांचे अर्धे भाग आणि एक भुजा मिळून काटकोन त्रिकोण होतो. म्हणून पायथागोरसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सिद्धांताप्रमाणे, अर्ध्या कर्णांच्या वर्गांची बेरीज भुजेच्या वर्गाइतकी असते : १५ चा वर्ग २२५, २० चा वर्ग ४००, बेरीज ६२५, म्हणजेच २५ चा वर्ग. एक कर्ण हाती आला की दुसरा गणिताने काढता येतो. चार सारख्या भुजा आणि केवळ एक कर्ण, एवढ्यावर क्षेत्रफळ पूर्णपणे निश्चित होते.

वेदीची भूमिती

भारतात या आकृतीचा विचार फार जुन्या काळापासून झालेला आहे. यज्ञवेदींच्या रचनेचे नियम सांगणारे शुल्बसूत्र ग्रंथ ख्रिस्तपूर्व काळातील आहेत. शुल्ब म्हणजे दोरी. दोरी व खुंट्या यांच्या साहाय्याने जमिनीवर अचूक आकृत्या आखणे हा या ग्रंथांचा विषय होय. वेदीचा आकार कधी पक्ष्याचा, कधी चाकाचा, कधी त्रिकोणी असे. परंतु पहिल्या चयनाच्या वेळी या निरनिराळ्या आकारांच्या वेदींचे क्षेत्रफळ एकच, म्हणजे साडेसात चौरस पुरुष, असावे असा दंडक होता. पुरुष हे १२० अंगुळांचे लांबीचे माप होते. आकार बदलावा पण क्षेत्रफळ बदलू नये, या आवश्यकतेतून भूमितीचे अनेक प्रश्न उभे राहिले.

या वेदींपैकी एकीला उभयतःप्रउग असे नाव आहे. प्रउग म्हणजे गाड्याच्या दांड्यांचा पुढचा निमुळता, त्रिकोणी भाग. दोन्ही अंगांना असे त्रिकोण असलेली आकृती म्हणजे उभयतःप्रउग, अर्थात समभुज चौकोन. तो आखण्याची रीत बौधायन व आपस्तंब यांच्या सूत्रांत आहे. जेवढे क्षेत्रफळ हवे असेल, त्याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा आयत आखावा आणि त्याच्या चार बाजूंचे मध्यबिंदू दोरीने जोडावेत. आयताच्या चारही कोपऱ्यांचे त्रिकोण गळून पडतात व मध्ये समभुज चौकोन उरतो. गळून पडलेल्या चार त्रिकोणांचे क्षेत्रफळ आणि उरलेल्या चौकोनाचे क्षेत्रफळ ही एकमेकांएवढीच असतात. आयताची लांबी व रुंदी हेच या चौकोनाचे दोन कर्ण होत. कर्णांच्या गुणाकाराचे निम्मे हा नियम येथे जमिनीवर रेखून दाखविलेला आहे.

एक चुकीचा नियम

असे असूनही केवळ भुजांवरून चौकोनाचे क्षेत्रफळ काढण्याची रीत अनेक देशांत दीर्घकाळ चालू होती. इजिप्तमधील एडफू येथील देवालयाच्या भिंतीवर, देवालयास दान मिळालेल्या शेतांची यादी कोरलेली आहे. तीत समोरासमोरच्या भुजांची सरासरी काढून त्या दोन सरासऱ्यांचा गुणाकार केलेला आढळतो. चारही भुजा २५ असतील, तर ही रीत नेहमी ६२५ हेच उत्तर देते. आयत आणि चौरस वगळता इतर कोणत्याही चौकोनाला ती लावली, तर क्षेत्रफळ खऱ्याहून जास्तच येते, कधीही कमी येत नाही. जमिनीच्या मापावर कर आकारला जात असेल, तर अशा चुकीचा भार कोणावर पडेल, हे सांगावयास नको.

ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये लिहिलेल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ या ग्रंथात हीच रीत दिली आहे. परंतु तिला त्याने स्थूल, म्हणजे ढोबळ, असे म्हटले आहे. तिच्याबरोबरच त्याने एक सूक्ष्म सूत्रही दिले. चारही भुजांच्या बेरजेचे निम्मे करावे, त्यातून एकेक भुजा वजा करावी, येणाऱ्या चार संख्यांचा गुणाकार करावा आणि त्याचे वर्गमूळ काढावे. ज्याचे चारही कोपरे एकाच वर्तुळावर असतात, अशा चौकोनाला हे सूत्र तंतोतंत लागू पडते आणि जगाच्या गणितात त्याला मानाचे स्थान आहे. मात्र ही अट सूत्रात स्पष्ट शब्दांनी सांगितलेली नाही. पुढील काही गणितींनी ते सर्वच चौकोनांना लावले. समभुज चौकोनांपैकी ज्याचे चारही कोपरे एका वर्तुळावर असतात असा चौकोन एकच, आणि तो म्हणजे चौरस. म्हणून तिरप्या समभुज चौकोनाला हे सूक्ष्म सूत्र लावले, तरी उत्तर पुन्हा ६२५ हेच येते.

या घोटाळ्यावर नेमके बोट ठेवले ते भास्कराचार्यांनी. त्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ हा ग्रंथ रचला. ‘लीलावती’ हा त्याचा अंकगणित व भूमिती यांचा भाग. या ग्रंथाची कीर्ती पुढे सर्व भारतभर पसरली. अकबराच्या दरबारातील फैजी याने १५८७ मध्ये त्याचे फारसी भाषांतर केले. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे.

लीलावतीमध्ये भास्कराचार्यांनी असे प्रतिपादन केले आहे, की भुजा त्याच राहूनही चौकोनाचे कर्ण बदलू शकतात व म्हणून क्षेत्रफळही बदलते. कर्ण किंवा लंब यांपैकी काहीच न सांगता जो क्षेत्रफळ विचारतो, त्याला त्यांनी पिशाच म्हटले आहे. आणि जो अशा प्रश्नाचे उत्तर देतो, तो त्याहूनही मोठा पिशाच असे त्यांचे मत आहे. त्यानंतर उदाहरण घेतले आहे ते समभुज चौकोनाचेच, आणि भुजा घेतली आहे ५ चा वर्ग, म्हणजे २५. एक कर्ण ३० मानला असता दुसरा ४० व क्षेत्रफळ ६००; एक कर्ण १४ मानला असता दुसरा ४८ व क्षेत्रफळ ३३६; दोन्ही कर्ण समान असता क्षेत्रफळ ६२५. या लेखाच्या आरंभीचे शेत आठशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या उदाहरणातील आहे.

उणीव किती पडते?

भुजेचा वर्ग आणि खरे क्षेत्रफळ यांतील फरक काढण्याचा एक सुबक नियम आहे. दोन कर्णांची वजाबाकी करावी, तिचे निम्मे करावे आणि त्याचा वर्ग करावा. तेवढीच उणीव पडते. कर्ण ३० व ४० असता वजाबाकी १०, निम्मे ५, वर्ग २५. म्हणून ६२५ मधून २५ वजा जाऊन ६०० उरतात. कर्ण १४ व ४८ असता वजाबाकी ३४, निम्मे १७, वर्ग २८९. म्हणून ६२५ मधून २८९ वजा जाऊन ३३६ उरतात. कर्ण समान असले तर उणीव शून्य असते. म्हणूनच सारख्या भुजांच्या सर्व चौकोनांत चौरसाचे क्षेत्रफळ सर्वांत मोठे असते.

या नियमावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. २५ मीटर भुजेच्या शेताच्या कर्णांत १ मीटरचा फरक असेल, तर उणीव केवळ पाव चौरस मीटर येते. ती कोणाच्या लक्षातही येणार नाही. फरक दहा पट झाला की उणीव मात्र शंभर पट होते. ज्या गावांतील शेते बहुतेक चौरस किंवा आयताकार असतील, तेथे जुनी ढोबळ रीत पिढ्यान्‌पिढ्या वापरूनही तिच्यातील दोष उघड होणार नाही. तो उघड होतो ओढ्याकाठच्या, वळणावरच्या तिरप्या शेतात. एखादी रीत पुष्कळ वेळा बरोबर ठरली, एवढ्यावरून ती सर्वत्र बरोबर आहे असे ठरत नाही.

प्रत्यक्ष मोजणी

जमीन मोजणाऱ्यांनी हे तत्त्व आपल्या कामात फार पूर्वीपासून स्वीकारलेले आहे. जुन्या मुंबई इलाख्यात मोजणीची साखळी ३३ फुटांची असे व तिचे १६ आणे मानीत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद अशी जमीन म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. मोजणीदार शेताच्या केवळ कडा मोजून थांबत नसे. तो एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत साखळी टाकी आणि उरलेल्या कोपऱ्यांची त्या रेषेपासूनची काटकोनी अंतरे मोजी. समजा, एका शेताची प्रत्येक बाजू ५ साखळ्या आहे. मधली रेषा ८ साखळ्या भरली आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंचे कोपरे तीन-तीन साखळ्यांवर आढळले, तर दुसरा कर्ण ६ साखळ्यांचा झाला. ८ गुणिले ६ म्हणजे ४८, आणि त्याचे निम्मे २४. हे शेत २४ गुंठ्यांचे आहे, २५ गुंठ्यांचे नव्हे.

शेताच्या मध्यभागी विहीर, घर किंवा दाट झाडी असली, म्हणजे कर्ण सरळ मोजता येत नाही. अशा वेळी एका कोपऱ्यापासून दोन्ही बांधांवर पाच-पाच मीटरांवर खुंट्या ठोकाव्यात व त्या दोन खुंट्यांमधील अंतर मोजावे. बांध २५ मीटरांचे, म्हणजे ५ मीटरांच्या पाचपट असल्यामुळे, त्या कोपऱ्यासमोरचा कर्णही या अंतराच्या पाचपट असतो. खुंट्यांमधील अंतर ६ मीटर भरले तर कर्ण ३० मीटर होय. मात्र येथे सावधगिरी हवी. खुंट्यांमधील अंतर मोजताना १ सेंटिमीटरची चूक झाली, तर कर्णात ती ५ सेंटिमीटर होते. म्हणून खुंट्या शक्य तितक्या दूर ठोकणे श्रेयस्कर.

आज मोजणीची साधने पालटली आहेत. उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांवरून शेताच्या प्रत्येक कोपऱ्याचे स्थान ठरविता येते, आणि २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांच्या मोजणीसाठी ड्रोनचा उपयोग केला गेला. तथापि तत्त्व बदललेले नाही. कोपऱ्यांची स्थाने कळली म्हणजे त्यांच्यातील सर्वच अंतरे कळतात. त्यांत भुजा आल्या, तसे कर्णही आले. यंत्राला कर्ण वेगळा मोजावा लागत नाही, याचे कारण तो त्याला मिळालेल्या माहितीत आधीच सामावलेला असतो.

दोरी, साखळी किंवा यंत्र यांपैकी साधन कोणतेही असो, मोजणीपूर्वी एक विचार करावाच लागतो : मिळालेल्या मापांनी आकृती खरोखरच ठरते का? समभुज चौकोनाच्या बाबतीत चार भुजांनी ती ठरत नाही. त्यांच्या जोडीला एक कर्ण मिळाला की ठरते. २५ मीटरांच्या चार बांधांचे शेत किती मोठे, असा प्रश्न पुन्हा कोणी केला, तर विद्यार्थ्याने आकडा सांगण्याची घाई करू नये. त्याने प्रथम कर्ण विचारावा.